जनावरांच्या हांकेंत अर्थ असतो काय?

रानाजवळ राहणाऱ्या आपल्या वाचकांस ही गोष्ट ठाऊकच असेल. झाडाच्या शेंड्यावरील वानर बिबळ्यास पाहून खोकल्यासारखा कर्कश आवाज काढितो, आणि खालीं चरणारीं चितळें तत्क्षणीं माना वर करितात. तेव्हां वानर केवळ भयानें ओरडला, कीं त्यानें कांहीं बातमी सांगितली? तापकरी कण्हतो तो कोणास कांहीं कळवावें म्हणून नव्हे. जनावरांचें ओरडणेंहि तसेंच असावें, असें पुष्कळ विद्वान मानीत असत.

आफ्रिका खंडांतील केनिया देशांत, किलिमांजारो पर्वताच्या उत्तरेस, अंबोसेली नांवाचा प्रदेश आहे. तेथें व्हर्व्हेट जातीचीं माकडें टोळ्या करून राहतात. बिबळ्या, गरुड व अजगर हे त्यांचे मोठे वैरी. ह्या प्रत्येकासाठीं माकडांची हांक निराळी असते, असें स्ट्रुसेकर ह्या संशोधकानें १९६७ सालीं लिहिलें. आतां पाहा, बिबळ्या आला तर झाडावर चढणें हाच तरणोपाय. परंतु गरुड आला असतां शेंड्यावर जाणें म्हणजे आपण होऊन त्याच्या पंज्यांत सांपडणें. नुसतें "पळा, पळा" असें ओरडून भागत नाहीं.

तथापि टोळी पळते ती हांक ऐकून, कीं स्वतः वैऱ्यास पाहून? ही शंका फेडण्यासाठीं रॉबर्ट सेफार्थ, त्यांच्या पत्नी डॉरथी चेनी व पीटर मार्लर ह्यांनीं त्या हांका ध्वनिमुद्रित केल्या, आणि जवळ कोणीहि वैरी नसतांना झुडपांत लपविलेल्या कर्ण्यांतून ऐकविल्या. बिबळ्याची हांक ऐकून जमिनीवरचीं माकडें झाडांवर चढलीं. गरुडाची ऐकून वर पाहूं लागलीं वा झुडपांत शिरलीं. अजगराची ऐकून भोंवतालची जमीन न्याहाळूं लागलीं. हें वृत्त १९८० सालीं प्रसिद्ध झालें.

पिलें मात्र चुकतात. निरुपद्रवी पक्षी, फार काय, गळणारें पान पाहूनहि तीं गरुडाची हांक मारितात. मोठीं माकडें वर पाहतात. खरोखरच गरुड असला तर तीहि तीच हांक मारितात, नसला तर स्वस्थ बसतात. आपलीं तान्हीं मुलें प्रथम शेळीसहि "भू भू" म्हणतात, तसेंच हें.

परंतु माकडांस आपल्यासारखी भाषा आहे, असें समजूं नये. बिबळ्याच्या हांकेसारखेच आवाज तीं आपसांतील भांडणांतहि काढितात, असें २०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या तपासणींत आढळलें. ऐकणारा प्रसंग पाहून अर्थ लावीत असावा.

चेनी व सेफार्थ ह्यांनीं आणखी एक गोष्ट करून पाहिली. तीन माद्या जवळ बसल्या असतां त्यांतील एकीच्या पिलाची किंकाळी कर्ण्यांतून ऐकविली. आई तिकडे वळली, ह्यांत नवल नाहीं. बाकीच्या दोघी मात्र पुष्कळदां त्या आईकडेच पाहूं लागल्या.