सात मीटर एक सेंटिमीटर

मानहाइम

चि. सई,

सतरा वर्षांखालच्या गटात गेलीस, बरं वाटलं. पण बाबांनी घेतलेली सायकल मोठ्यांची आहे, पुढे ५०/३४ दातांच्या चकत्या. ती तशीच शर्यतीला नेऊ नकोस. जर्मन सायकल महासंघाने तुमच्या गटाला ७.०१ मीटरची मर्यादा घातली आहे. सगळ्यात जड गिअरवर पेडलचा एक फेरा झाला की सायकल त्यापुढे जाता कामा नये.

पन्नासला मागे पंधरा चालेल का, असं विचारलंस. २५ मिलिमीटरच्या टायरचा घेर साधारण २.१०५ मीटर. ५० भागिले १५, गुणिले २.१०५: झाले ७.०२. गेलीस बाद! सोळा लावलेस तर ६.५८, नियमात बसेल, पण चाळीसेक सेंटिमीटर फुकट जातील. त्यापेक्षा पुढे ४६ ची चकती आणि मागे १४ पासून सुरू होणारी कॅसेट घे. ६.९२ येतं. चकती लहान झाली की पुढचा डिरेलरही खाली आणावा लागतो, नाहीतर चेन उतरत राहील. आणि हीच जोडी २८ च्या टायरवर पुन्हा ७.०२ होते, तेव्हा मैत्रिणींचे रुंद टायर बघून हुरळू नकोस.

रुंद रिमवर टायर फुगून बसतो, म्हणून कागदावरच्या हिशेबावर विसंबू नकोस. शर्यतीच्या दिवशी भरशील तेवढीच हवा भर, क्रँक उभा धर आणि सायकल मागे ढकल. पुढे ढकललीस तर फ्रीव्हील नुसतं फिरेल, पेडल जागचं हलणार नाही. क्रँकचा फेरा पुरा झाला की चाक कुठवर आलं ते बघ. पंचही असंच तपासतात. मागच्या डिरेलरचा लिमिट स्क्रू आवळून लहान चकत्या बंद करण्याची युक्ती कुणीतरी सांगेलच. मला ती पसंत नाही. धक्क्याने स्क्रू ढळला तर भांडायचं कुणाशी?

उतारावर पाय नुसते भिरभिरतात, ही तुझी तक्रार खरी आहे. ७.०१ वर मिनिटाला १०० फेरे म्हणजे ताशी ४२ किलोमीटर. पन्नाशी गाठायला १२० मारावे लागतात. ते आत्ताच शिकून घे. एकोणीसखालच्या गटाला रस्त्यावर ७.९३ ची मर्यादा होती, ती आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने २०२३ पासून काढून टाकली. मला काही तो निर्णय पटलेला नाही. वाढत्या गुडघ्यांना जड गिअरची घाई कशाला?

मोजायला लोखंडी टेप घे, आईची शिवणाची नको, ती ताणते. आकडा आला की लगेच कळव, चकती मी इथूनच मागवतो.

तुझा,
मामा