दाण्याची पारख आणि मनाचा कल



आम्हां धान्य-व्यापाऱ्यांचा सारा व्यवहार पारखेवर चालतो. रास समोर आली की आम्ही मूठभर दाणे तळहातावर घेतो, रंग व भार पाहतो, एक दाणा दाताखाली फोडतो आणि भाव बोलतो. ही परीक्षा डोळे, हात व दात करतात, अशी आमची बरीच वर्षे समजूत होती. अनुभवांती कळले की, निर्णय पुष्कळदा मन आधीच देऊन बसते आणि इंद्रिये केवळ त्याची साक्ष देतात.

सुमारे २५ वर्षांपूर्वीची गोष्ट. उज्जैनच्या मंडीत एका शेतकऱ्याचा गहू लिलावास आला. त्याच्या वडिलांशी आमच्या पेढीचा हिशेबावरून जुना तंटा होता. आम्ही दाणे हाती घेतले, ते ओलसर लागले. आम्ही खोटे बोललो नाही. आमच्या बोटांना खरोखरच ओलावा जाणवला. आम्ही मागे सरलो. जुनी पेढी मागे सरली हे पाहून इतरही सरले. माल पडत्या भावाने शेजारच्या व्यापाऱ्याने घेतला. पावसाळा सरला, पण त्या गव्हास कीड लागली नाही. उलट त्याच दिवशी आमच्या एका आप्ताची रास आम्हांस सोन्यासारखी भासली होती; ती आषाढातच गोदामात तापली.

शास्त्रात रागद्वेष म्हणतात ते हेच. तेथे राग म्हणजे संताप नव्हे, तर आसक्ती. द्वेषाने आमचा कोरडा दाणा ओला केला आणि रागाने ओला दाणा कोरडा केला.

या विषयाचा विचार करताना आचार्य सिद्धसेन दिवाकरांचे स्मरण होते. परंपरा त्यांचा संबंध आपल्या या अवंतीनगरीशी जोडते. त्यांच्या ‘सन्मतितर्क’ या प्राकृत ग्रंथात नयांचे, म्हणजे वस्तूकडे पाहण्याच्या दृष्टींचे, विवेचन आहे. मूळ द्रव्याकडे पाहणारी ती द्रव्यार्थिक दृष्टी. त्याच्या बदलत्या अवस्थांकडे पाहणारी ती पर्यायार्थिक. सुटी रत्ने कितीही मोलाची असली तरी ओवल्यावाचून त्यांस हार म्हणत नाहीत, तसेच नयांचे आहे, असा त्यांचा दृष्टांत आहे.

गव्हाचेच पाहा. शेतकरी त्यात आपले कष्ट पाहतो, व्यापारी टिकाऊपणा, गिरणीवाला पिठाचा उतारा आणि गृहिणी पोळीचा मऊपणा. यांपैकी कोणीच चुकत नाही. ‘माझेच तेवढे खरे’ असे म्हणताच मात्र चूक घडते. परंतु आमची त्या दिवशीची दृष्टी यांपैकी एकही नव्हती. आम्ही गहू पाहिलाच नाही. गव्हाचा धनी पाहिला. मतभेद आणि पूर्वग्रह यांतील अंतर ते हेच.

कोणी म्हणेल, आता ओलावा मोजण्याची यंत्रे आहेत. १२ टक्के म्हणजे १२ टक्के. यंत्र आम्हांस मान्यच आहे. परंतु यंत्रात घालावयाची वानगी राशीच्या माथ्यावरून घ्यावयाची की पोटातून, हे अजून माणसाचा हातच ठरवितो.

म्हणून आम्ही स्वतःस एक नियम घालून घेतला आहे. भाव बोलण्यापूर्वी मनाशी विचारावयाचे : हीच रास दुसऱ्याची असती तर हाच भाव बोललो असतो काय? उत्तर अडखळले तर वानगी पुन्हा, राशीच्या तळातून घ्यावयाची आणि ज्याचे मत आपल्याहून निराळे आहे अशा एकाचे ऐकावयाचे. घरातही हा नियम उपयोगी पडतो. धाकट्या मुलाची चूक आणि सुनेची चूक आपण एकाच तराजूत तोलतो काय, हे ज्याचे त्याने पाहावे.

त्या शेतकऱ्यास क्विंटलमागे किती रुपये कमी मिळाले, याची नोंद आमच्या वहीत नाही. त्याच्या घरात मात्र ती असेल. क्षमापनेच्या दिवशी आम्ही दरवर्षी साऱ्या जिवांची क्षमा मागत आलो. त्या एका माणसाच्या दारी जावयास आम्हांस ११ वर्षे लागली. त्याने आम्हांस बसावयास दिले, पाणी दिले आणि एवढेच विचारले, “तेव्हा गहू खरेच ओला होता काय, शेठजी?”

“नव्हता,” असे आम्ही सांगितले. हे उत्तर त्याच दिवशी, मंडीतच देता आले असते. आपणांपैकी कोणावर असा उशीर करण्याची पाळी न येवो, हीच प्रार्थना.