पोलंडचं परमिट काढताना

तळोजा एमआयडीसीत वेल्डिंग करायचो तेव्हा पनवेल स्टेशनजवळच्या एका एजंटाने पोलंडचं ‘पॅकेज’ सांगितलं. वर्क परमिट, व्हिसा आणि तिथलं रेसिडेन्स कार्ड, सगळं साडेतीन लाखांत. निम्मे आगाऊ, तेही रोख, आणि पासपोर्ट त्याच्याकडे जमा. नमुन्याच्या परमिटवर दूतावासाचा शिक्का पाहिला आणि मी तिथूनच उठलो.

कारण वर्क परमिट दूतावास देतच नाही. तिथला मालक आपल्या प्रांताच्या व्हॉइव्होडच्या, म्हणजे राज्यपालाच्या, कार्यालयात अर्ज करतो. परमिटवर तुमचं नाव, मालक, काम, पगार आणि मुदत लिहिलेली असते. ते हातात आलं की इथून ‘डी’ व्हिसाचा अर्ज. रेसिडेन्स कार्डासाठी तिथे पोचल्यावर, व्हिसाची मुदत संपायच्या आत, आपण स्वतः अर्ज करायचा. पनवेलात बसून ते कार्ड कुणीही काढून देऊ शकत नाही. ‘आधी टुरिस्ट व्हिसावर चला, मग बघू’ म्हणणाऱ्याच्या तर वाटेलाही जाऊ नका. त्या व्हिसावर काम करता येत नाही.

मी पुढे परवानाधारक एजंटामार्फत गेलो. परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर एजंटाचं नाव आणि परवाना क्रमांक तपासता येतो. त्याला कामगाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि वर जीएसटी एवढंच सेवाशुल्क घेता येतं, पावतीसकट. पोलिश कंपनी खरी आहे का, ते त्यांच्या ‘केआरएस’ या सरकारी नोंदवहीत फुकट दिसतं. पोरांनो, लाखांची जुळवाजुळव करण्याआधी, आईचे दागिने मोडण्याआधी, एवढं तरी बघा.

तिथे गेल्यावरही जपायला लागतं. पोझनानला आमच्या खोलीतला एक मुलगा थोड्या जास्त पगारासाठी दुसऱ्या गोदामात गेला. परमिट पहिल्या मालकापुरतंच होतं, नव्याने काढलंच नाही. तपासणीत पकडला गेला आणि देश सोडायचा आदेश हातात पडला. घरी कर्ज तसंच. त्याचा चेहरा आजही डोळ्यांपुढून जात नाही. नोकरी बदलायचीच असेल, तर नव्या मालकाचे कागद आधी होऊ द्या.

पैसे देऊन फसला असाल, तर लाजून गप्प बसू नका. व्हॉट्सअ‍ॅपवरचे मेसेज पुसू नका, पावत्या आणि बँकेच्या नोंदी एकत्र करा. आधी आपल्या पोलीस ठाण्यात तक्रार द्या, मग तिची प्रत घेऊन बीकेसीतल्या विदेश भवनात प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सच्या कार्यालयात जा.