मोटार जळते ती पाटी न वाचल्यामुळे

अनगाव, अंबाडी, पडघा या पट्ट्यात सध्या एकच तक्रार ऐकू येते: मोटार जळाली. भेंडी-काकडी तोडणीवर, उन्हाळी भात पोटरीत आणि पंप वाइंडिंगच्या दुकानात. अशा वेळी पाणी तुटले की दाणा पोचट राहतो, हे तुम्हाला सांगायला नको. खत-फवारणीचे वेळापत्रकही तुम्हाला पाठ आहे. म्हणून या वेळी फक्त मोटारीबद्दल लिहितो.

बहुतेक वेळा दोष मोटारीचा नसतो, एचपीच्या हिशेबाचा असतो. १ एचपी म्हणजे ७४६ वॅट. म्हणून ३ एचपीच्या मोटारीच्या पाटीवर २.२ किलोवॅट, ५ एचपीच्या पाटीवर ३.७ आणि साडेसातच्या पाटीवर ५.५ किलोवॅट असे छापलेले असते. पण ही शक्ती मोटारीच्या शाफ्टवर मिळते. तारेतून वीज त्याहून जास्त ओढली जाते. मोटारीची कार्यक्षमता ८० टक्के धरली, तर ५ एचपीची मोटार सुमारे ४.६ किलोवॅट खेचते, म्हणजे पूर्ण भारावर तासाला साडेचार युनिटांहून अधिक.

आता डीपीकडे बघा. त्यावर ६३ केव्हीए लिहिलेले असते, ते ६३ किलोवॅट नव्हेत. पॉवर फॅक्टर ०.८ धरला तर हाती ५० किलोवॅट उरतात. मंजूर भाराप्रमाणे ३ एचपीचे सतरा पंप त्यावर कसेबसे चालतात. पण त्या सतरा जणांनी गुपचूप ५ एचपीच्या मोटारी बसवल्या तर मागणी ७८ किलोवॅटवर जाते. मग व्होल्टेज पडते. ४१५ च्या जागी ३२० आले की पूर्ण भारावरची मोटार तेवढेच काम करण्यासाठी सुमारे तीस टक्के जास्त अँपिअर ओढते आणि वाइंडिंगमधली उष्णता दीडपटीच्या वर जाते. एप्रिल २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या कृषिपंपांना शासनाने वीजबिलात माफी दिली. त्याचा अर्थ वाटेल तेवढी मोठी मोटार बसवा, असा काहींनी काढला. बिल माफ झाले, तरी वाइंडिंगचा खर्च कोणी माफ करत नाही.

यावर गावोगावी जे उपाय चालतात ते पाहून कपाळाला हात लावावा लागतो. मोटारीवर ओले पोते टाकणे, रिले ‘सारखा पडतो’ म्हणून काढून टाकणे, फ्यूजमध्ये जाड तार भरणे, एक फेज गेला की कंडेन्सर लावून दोन फेजवर रेटणे. ओल्या पोत्याने आतले वाइंडिंग थंड होत नाही, टर्मिनलमध्ये पाणी मात्र शिरते. रिले पडतो तो मोटार वाचवण्यासाठीच. त्याला काढणारा माणूस राखणदाराला हाकलून चोराला दार उघडून देतो.

पडघ्याकडच्या एका बागायतदाराची गोष्ट सांगतो. आपल्या भिवंडीत यंत्रमाग आणि सायझिंगच्या कारखान्यांतून जुन्या मोटारी स्वस्तात मिळतात. यांनी अशीच एक आणली, पाटी उडालेली. विकणारा म्हणाला ‘पाचची आहे’, वायरमनने रिले आठ अँपिअरवर लावला. मोटार निघाली तीनची, पूर्ण भारावर पाच अँपिअरच्या आसपास चालणारी. ती तापत राहिली, रिले गप्प बसला आणि काकडीचा बहर उभ्याने सुकला. पाटी नसलेली मोटार फुकट मिळाली तरी घेऊ नका.

मोठी मोटार म्हणजे जास्त पाणी, हा समजही सोडा. गणित सोपे आहे. दर सेकंदाला किती लिटर पाणी हवे आणि ते एकूण किती मीटर चढवायचे, यांचा गुणाकार करून ७५ ने भागा. विहिरीतल्या पाण्यापासून पाइपाच्या शेवटच्या टोकापर्यंतची उंची घ्या आणि त्यात पाइपातल्या घर्षणाचीही भर घाला. २०० लिटरचे पिंप ३३ सेकंदांत भरले तर पाणी झाले ६ लिटर. ते १५ मीटर चढवायचे तर ९० भागिले ७५, म्हणजे १.२ एचपी. पंपाची कार्यक्षमता निम्मी धरली तरी २.४. तिथे ३ एचपी पुरते. मग पाच कशाला? हा ७५ चा हिशेब मेट्रिक एचपीचा, म्हणजे ७३५.५ वॅटचा आहे. काही ट्रॅक्टरांच्या माहितीपत्रकांतही तोच वापरतात. ७४६ शी त्याचा फरक दीड टक्क्याच्या आत असल्याने शेतावर त्याची काळजी करू नका.

सौर पंपासाठी अर्ज करतानाही हेच गणित आधी मांडा. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत अडीच एकरांपर्यंत ३, पाच एकरांपर्यंत ५ आणि त्यापुढे साडेसात एचपीचा पंप मिळतो. गरज कमी असेल तर कमी क्षमतेचा मागा.

या आठवड्यात करायची कामे:

१. पाटीवरचे किलोवॅट, व्होल्ट आणि अँपिअर वहीत उतरवून घ्या.

२. रिले पाटीवरच्या अँपिअरवर लावा. स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये तो वाइंडिंगच्या फेजमध्ये असेल तर त्या आकड्याच्या ५८ टक्क्यांवर. वायरमन ‘अंदाजाने’ लावत असेल तर थांबवा.

३. व्होल्टेज ३५० च्या खाली असेल तर पंप सुरू करू नका. सिंगल फेज प्रिव्हेंटर बसवा.

४. मोटारीला शोभेल असा कपॅसिटर लावा: ३ एचपीला १, ५ एचपीला २ केव्हीएआर.

५. एका डीपीवरच्या सगळ्यांनी बसून पाळ्या ठरवा आणि वाढवलेला भार रीतसर मंजूर करून घ्या.

शेवटचे काम सर्वांत कठीण, पण बाकीच्या चारांचा उपयोग त्यावरच अवलंबून आहे. लपवलेले दोन एचपी आधी शेजाऱ्याची मोटार जाळतात, मग तुमची.