ध्यान दिसावी, पण आटे जुळावेत

मुद्दाम कुरूप सायकल जोडण्याचा नाद ज्यांना लागला आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. एका सायकलची फ्रेम, दुसरीचं पुढचं चाक, तिसरीचं हँडल, सीटवर गोणपाट, मागचं मडगार्ड अर्धंच, आणि सगळ्यावर माळ्यावरच्या डब्यात उरलेला कुठलाही रंग. कोपऱ्यावर उभी केली की येणारा-जाणारा म्हणतो, काय ध्यान आहे! जोडणाऱ्याला तेच हवं असतं. चोराची नजर तिच्यावर ठरत नाही, ओरखडा पडला तर जीव कळवळत नाही, पावसात भिजली तरी झोपमोड होत नाही. ॲमस्टरडॅमसारख्या शहरात चोरीच्या भीतीने लोक खटारा सायकलीच पसंत करतात. अमेरिकेत मिनीआपोलिस आणि पोर्टलंडमध्ये १९९०च्या दशकापासून एकावर एक दोन फ्रेम वेल्ड करून उंटासारख्या उंच सायकली चालवणाऱ्यांची मंडळंच आहेत. या नादाबद्दल माझी तक्रार नाही, मी त्यातलाच. पण यातला धोका नवशिक्याला जिथे वाटतो तिथे नसतो. जो भाग बसतच नाही तो कुणाचं काही बिघडवत नाही, कारण ती सायकल रस्त्यावर येतच नाही. घात करतो तो जवळजवळ बसणारा भाग. आणि दिसण्याच्या बाबतीत दिवसभर ‘चालतंय की’ म्हणणाऱ्या माणसाच्या तोंडून, हातात पाना असतानाही तेच निघून जातं.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो. आपल्याकडे खेडोपाडी दूधवाले, भाजीवाले, शेतमजूर जन्मभर कशाला काहीही जोडलेल्या सायकली हाकत आले, क्विंटलभर ओझं लादून. त्यांना कुठे कोण मापं शिकवायला गेलं होतं? आक्षेप खरा आहे, आणि त्याचं उत्तर त्याच सायकलीत आहे. आपली दांडीची काळी सायकल इंग्रजी रोडस्टरची थेट वारस. १९४९ मध्ये मद्रासजवळ टी. आय. सायकल्स, १९५१ मध्ये सोनिपतला ॲटलस, १९५६ मध्ये लुधियानाला हीरो, आसनसोलला सेन-राले असे कारखाने उभे राहिले आणि बहुतेकांनी तोच साचा उचलला. पुढे कित्येक दशकं तो जवळपास गोठून राहिला. टायर २८ × १½, चेन अर्ध्या इंचाच्या पिचची आणि अष्टमांश इंच रुंदीची, ब्रेक सळईचे, क्रँकला कॉटर पिन. त्यामुळे ॲटलसच्या फ्रेममध्ये हीरोचं चाक आणि हर्क्युलिसचा चिमटा घातलेली सायकल बघणाऱ्याला विजोड वाटायची, पण मापाने ती एकाच घराण्यातली होती. दूधवाल्याचं नशीब जोरावर होतं असं नाही. त्याच्या हाताशी चुकीचा भाग येण्याची शक्यताच कमी होती. आज भंगारवाल्याच्या ढिगात तीच काळी सायकल, गिअरवाली सायकल, लहान मुलांची सायकल आणि परदेशातून कुणीतरी आणून टाकलेली रेसर एकमेकींवर पडलेल्या असतात. पुण्यात जुन्या बाजारात तासभर चक्कर मारली तर किमान चार घराण्यांची चाकं दिसतील, आणि लांबून सगळी सारखीच गोल.

जवळजवळ बसणं म्हणजे काय, ते मागच्या एक्सलवर नीट पाहता येतं. इंग्रजी घराण्याच्या सायकलीचा मागचा एक्सल ३/८ इंची, म्हणजे साधारण साडेनऊ मिलिमीटर, आणि त्यावर इंचाला २६ आटे. बहुतेक गिअरवाल्या सायकलींचा मागचा एक्सल १० मिलिमीटरचा, दर मिलिमीटरला एक आटा. इंचाला २६ आणि मिलिमीटरला एक, यांत फरक इतका बारीक की ३/८ च्या एक्सलवर १० चा नट हाताने सुरसुर फिरत जातो. नवख्याला वाटतं, वा, आटे काय स्वच्छ आहेत! प्रत्यक्षात नटाचे आटे एक्सलच्या आट्यांत पुरते रुतलेलेच नसतात, नुसत्या शेंड्यांना धरून असतात. पाना लावून जोरात आवळलं की थोडा वेळ घट्ट लागतं, मग एकदम हलकं होतं. आटे गेले. तेव्हाच गेले तर बरं, दुसरा नट शोधता येतो. खरी भीती आहे ती अर्धवट आवळलेल्या नटाची, जो गच्चीवर चाचणी घेताना टिकतो आणि चढावर उभं राहून पायडल मारताना सुटतो.

टायरचंही तसंच. आकड्यावर विश्वास ठेवू नका. २६ इंची म्हणून विकल्या जाणाऱ्या टायरांची आतली मापं ५५९, ५८४, ५९० मिलिमीटर अशी निरनिराळी असतात. काळ्या सायकलीचं २८ × १½ हे टायर ६३५ चं आणि जुन्या परदेशी रेसरचं २७ इंची रिम ६३० चं. पाच मिलिमीटरचा फरक डोळ्यांना कळत नाही. ६३५ चं टायर ६३० च्या रिमवर पट्टी न वापरता नुसत्या अंगठ्याने चढतं, आणि ते इतक्या सहज चढलं हीच धोक्याची खूण. हवा भरताना ते एका बाजूने फुगून वर येतं, किंवा उन्हात तापल्यावर चालत्या सायकलीवर रिम सोडतं. टायरच्या बगलेवर ४०-६३५, ३७-६२२ असा जोडआकडा उठवलेला असतो. पहिला आकडा रुंदी, दुसरा रिमवर बसायचं माप. रिम आणि टायर यांचा दुसरा आकडा एकच असला पाहिजे. बाकी सगळ्या इंची आकड्यांकडे खुशाल दुर्लक्ष करा.

अशी मापं पाठ करायची गरज नाही, आणि ती कुणाच्या लक्षातही राहत नाहीत. इंग्रजी घराण्याच्या बी.बी.चे (बॉटम ब्रॅकेट, म्हणजे क्रँकचा एक्सल फ्रेममध्ये जिथे बसतो ती जागा) कप इंचाला २४ आट्यांचे, तर जुन्या राले सायकलींचे स्वतःचे २६ आट्यांचे. इटालियन कपाचा व्यास मिलिमीटरभराने जास्त, आणि तिथे दोन्ही बाजूंचे आटे सरळ, इंग्रजीत चेनच्या बाजूचे उलटे. हे सगळं डोक्यात ठेवण्यापेक्षा एक नियम हाताला लावून घ्यावा: कुठलाही नट, कप वा पायडल पहिले तीन-चार फेरे नुसत्या बोटांनी गेलं पाहिजे, आणि गेल्यावर हलवून पाहिलं तर खुळखुळता कामा नये. पहिल्या फेऱ्यालाच पाना मागणारा भाग त्या जागेचा नाही. बोटांनी फिरणारा पण डुगडुगणारा भागही त्या जागेचा नाही, आणि नियमाचा हा दुसरा अर्धा लोक विसरतात. पायडलांच्या बाबतीत तर घाई नकोच. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात (विमान उडवण्याआधी राइट बंधू सायकली बनवत, तेव्हा त्यांनीही ही युक्ती वापरली होती) आणि पायडलच्या दांड्यावर बहुधा एल किंवा आर अक्षर ठोकलेलं असतं. ॲल्युमिनियमच्या क्रँकमध्ये चुकीचं पायडल जोर लावून घातलं तर पोलादाचं काही बिघडत नाही, क्रँक मात्र कायमची गेली.

इथे व्यवहारी माणूस म्हणेल की इतकं काटेकोर वागायचं तर नादातली मजाच गेली. मला तसं वाटत नाही, कारण सगळीकडे सारखा काटेकोरपणा लागत नाही. प्रत्येक भाग हातात घेतला की एकच विचारायचं: हा चालताना सुटला तर मी थांबेन की पडेन? कॅरिअर, स्टँड, मडगार्ड, चेनकव्हर यांत वाट्टेल ते करा; तारेने बांधा, सायकलच्या जुन्या ट्यूबने आवळा. मात्र मडगार्डाची सळई चाकाकडे झुकलेली ठेवू नका, ती आऱ्यांत गेली की सायकल जागच्या जागी उलटते. सीटचा पाइप दोन दशांश मिलिमीटरने बारीक असेल, तर थंड पेयाच्या कॅनचा पत्रा कापून गुंडाळला तरी भागतं. सुटलाच तर तुम्ही दोन बोटं खाली बसाल. तोच प्रयोग हँडलच्या दांड्यावर करायचा नाही. हँडल फिरलं आणि चाक सरळच राहिलं, तर सावरायला काही उरत नाही. सीट आणि हँडल दोन्हींच्या दांड्यांवर किमान किती आत जायला हवं याची खूण असते. ती खूण बाहेर दिसली की तो दांडा तुमच्या उंचीचा नाही. कॉटर पिनचाही समावेश या ‘पडेन’च्या गटात करावा. जुनी पिन काढून तिचा सपाट कापलेला भाग बोटाने चाचपा. एक्सलच्या खाचेची रेघ त्यावर आडवी रुतलेली लागली, तर ती पिन परत घालू नये. नवी पिन हातोडीने ठोकून बसवायची, नट नंतर आवळायचा, आणि थोडी चालवून पुन्हा ठोकायची. नट खेचून पिन बसवणारे नटाचेच आटे मारतात.

ब्रेकबद्दल जास्त वाद होतो. सळईचा ब्रेक रिमच्या आतल्या बाजूला रबर ओढून धरतो. त्यासाठी काळ्या सायकलीचं रिम खास घडणीचं असतं. त्या फ्रेममध्ये गिअरवाल्या सायकलचं चाक घातलं की रबराला घासायला पृष्ठभागच राहत नाही. मग पुढचा ब्रेक काढून टाकतात आणि म्हणतात, मागचा आहे ना! करकचून थांबताना वजन पुढे झुकतं, मागचं चाक हलकं होऊन घसरतं. थांबवण्याचं मुख्य काम पुढचाच ब्रेक करतो. त्यात क्रोमचं लोखंडी रिम पावसात ओलं झालं की रबर नुसतं सरकत राहतं. जून ते सप्टेंबर ज्यांना घाटउतारावरून जायचं आहे, त्यांनी पुढच्या ब्रेकचं जमत नसेल तर ते चाकच वापरू नये. चिमट्याचंही तेच. वेगळं दिसावं म्हणून काही जण चिमटा उलटा फिरवून लावतात. मोटारसायकलच्या मागे चिकटून शर्यत लावणारे सायकलपटू तसे चिमटे वापरत, हे खरं, पण ते बंदिस्त ट्रॅकवर. रस्त्यावर पायाचा चवडा चाकाला लागतो आणि हँडल जड होतं. वाकडा चिमटा सरळ करून किंवा तडकलेला चिमटा वेल्ड करून वापरणं तर सरळ नाकारावं. नळी पातळ असते, वेल्डच्या शेजारची जागा कमकुवत होते, आणि पुढची तड तिथूनच जाते.

आणखी एक आक्षेप चोरीचा. भंगारात विकणाऱ्या चोराला रूपाशी देणंघेणं नसतं, त्याला किलोमागे भाव मिळतो. मान्य. कुरूपपणा पुनर्विक्रीवाल्या चोराला टाळतो, भंगारवाल्याला नाही. म्हणून कुलूप लावायचंच. उलट संशय आपल्यावरच येऊ शकतो, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. पाच सायकलींचे भाग असलेली सायकल पोलिसाला चोरीच्या मालासारखीच दिसते, आणि चोरीचा माल जाणूनबुजून घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. फ्रेम घेताना विकणाऱ्याकडून साध्या कागदावर का होईना, नाव, तारीख आणि फ्रेमचा नंबर लिहून घ्या. नंबर बहुधा बी.बी.च्या खाली किंवा सीटच्या नळीवर ठोकलेला असतो. तो खरवडलेला असेल तर ती फ्रेम कितीही स्वस्त असो, घेऊ नये. आणि आपल्या रंगाखाली तो बुजवूही नये.

राहिला रंगाचा प्रश्न, आणि मला सर्वांत जास्त सूट इथेच द्यायची आहे. हवा तेवढा गबाळेपणा करा, पण तीन जागा उघड्या ठेवा: चिमट्याचा वरचा सांधा, पुढच्या सांध्याजवळची फ्रेमची नळी, आणि मागच्या एक्सलची खाच. तडा जातो तो बहुधा या ठिकाणी, आणि चिकटपट्टीखाली तो महिनोन्‌महिने लपून राहतो. फ्रेमला जुनी ट्यूब गुंडाळली असेल तर पावसाळा संपला की ती सोडून आत पाहावं. पाणी अडून नळी बाहेरून शाबूत आणि गुंडाळलेल्या भागात पोखरलेली निघते. रिमवर रंग लावू नये. रात्रीसाठी मागे लाल रिफ्लेक्टर हवाच, कारण गंजाच्या रंगाची सायकल ट्रकवाल्याला दिसत नाही. मग उरलेल्या रंगात ब्रश बुडवून फ्रेमच्या दांडीवर ठसठशीत अक्षरांत लिहून टाका: मागचा एक्सल ३/८, पुढचं टायर ६२२, मागचं ६३५, बी.बी. २४ आटे. सायकल आणखी भीषण दिसेल, आणि पंक्चर काढायला बसलेला पोरगा चुकीचा नट चढवणार नाही.