उन्हाळ्यातील सभा आणि डासांचा बंदोबस्त

एप्रिल-मे हे आपल्या वस्त्यांत उघड्यावरील कार्यक्रमांचे दिवस. १४ एप्रिलपासून वैशाख पौर्णिमेपर्यंत कोठे व्याख्यान, कोठे गायन, कोठे गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार. दिवसा ऊन सोसवत नाही, म्हणून सारे काही सूर्यास्तानंतर, पटांगणात, सतरंजीवर. वक्ता रंगात येतो आणि त्याच सुमारास डासही येतात. सर्वांत आधी उठून जातात त्या मांडीवर तान्हे मूल असलेल्या माता. पुष्कळदा ज्यांच्यासाठी व्याख्यान ठेवलेले असते त्याच निघून जातात. म्हणून हा विषय क्षुल्लक समजू नये, असे आम्हास वाटते. त्यातून घरात डेंग्यू किंवा हिवताप शिरला तर रोजंदारीच्या माणसाचा कित्येक दिवसांचा रोज बुडतो, तो हिशेब निराळाच.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी धूर करून डास हटविण्याकडे आपला कल असतो. परंतु त्या संध्याकाळचे डास त्याच्या आठ-पंधरा दिवस आधी जन्मलेले असतात. उन्हाळ्यात अंड्यापासून डास तयार होण्यास साधारणपणे ७ ते १० दिवस पुरतात, आणि त्यांपैकी पहिले सर्व दिवस तो पाण्यातच असतो. डेंग्यू पसरविणारा एडिस डास तर जन्मस्थानापासून फारसा दूर जात नाही. शे-दोनशे मीटरच्या आतच तो वावरतो. म्हणजे पटांगणात चावणारा हा डास बहुधा शेजारच्याच आळीतील पिंपात वाढलेला असतो.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे लिहिली पाहिजे. "पाणी साठवू नका" असे भिंतीवर रंगविणे सोपे आहे. ज्या वस्तीत नळाला दोन-तीन दिवसांआड पाणी येते, तेथील बाईने पाणी साठवायचे नाही तर काय करायचे? तेव्हा पाणी साठवावे, पण पिंपाच्या तोंडावर जुन्या धोतराचे किंवा साडीचे कापड ताणून बांधावे. आठवड्यातून एक दिवस, नळ येण्याच्या आधी, पिंप रिकामे करून आतून घासावे. नुसते पालथे घालून भागत नाही, कारण एडिसची अंडी पाण्याच्या कडेला भिंतीस चिकटून राहतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहतात. कार्यक्रमापूर्वी लागोपाठ दोन आठवडे सर्व वस्तीने एकाच दिवशी असा कोरडा दिवस पाळला, तर पहिल्या खेपेस सुटलेल्या अळ्या दुसऱ्या खेपेस हाती लागतात. कूलरची टाकी, कुंडीखालची बशी, गच्चीवरचे टायर ही ठिकाणे विद्यार्थ्यांना वाटून द्यावीत. मुलांना अळ्या शोधण्याची मोठी हौस असते. जे हौद रिकामे करता येत नाहीत त्यांत गप्पी मासे सोडावेत. अनेक ठिकाणी हिवताप विभाग ते विनामूल्य देतो. नदी-तलावात मात्र हे मासे सोडू नयेत, ते आपल्याकडचे नव्हेत.

रात्री कानाशी गुणगुणणारा क्युलेक्स डास घाण पाण्यात वाढतो. त्यासाठी गटार वाहते ठेवणे आणि संडासाच्या व्हेंट पाईपला जाळीचे कापड बांधणे हाच इलाज.

आता प्रत्यक्ष सभेच्या वेळचे उपाय. डासांचा त्रास बुद्धकाळीही होताच. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात भगवान बुद्धांनी भिक्षूंना मच्छरदाणीची, तेथील शब्दांत मकसकुटिकेची, अनुज्ञा दिल्याची नोंद आहे. पंख्यांचीही अनुज्ञा आहे: झाडाच्या सालीचा, वाळ्याचा आणि मोरपिसांचा. चवरीला मात्र नकार आहे. आजही उघड्यावर पंख्याइतका खात्रीचा उपाय दुसरा नाही. डास हा अशक्त उडणारा कीटक आहे. वाऱ्याच्या झोतात त्याला स्थिर उडता येत नाही. शिवाय आपल्या श्वासाचा व घामाचा वास घेऊन तो आपल्याकडे येतो, तो वासही वारा पांगवितो. मंडप कंत्राटदार स्टँडचे पंखे व्यासपीठाकडे तोंड करून उंच लावतो. ते प्रेक्षकांच्या बाजूस, खाली झुकवून लावण्यास सांगावे, कारण लोक जमिनीवर बसलेले असतात आणि डास पायांकडे जातात. पाहुण्यांना थोडे उकडले तरी चालेल!

अंगाला लावण्यासाठी कडुनिंबाचे तेल उपयोगी आहे. दिल्लीच्या मलेरिया संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत खोबरेल तेलात २ टक्के कडुनिंबाचे तेल मिसळून वापरले होते, व हिवतापाच्या अ‍ॅनॉफिलीस डासांविरुद्ध त्याचा चांगला गुण आला. पाव लिटर खोबरेलात ५ मि.ली., म्हणजे चहाचा एक चमचा, एवढे हे प्रमाण होते. वास उग्र असतो. आधी मनगटावर लावून पाहावे आणि तान्ह्या मुलांना लावू नये, त्यांच्यासाठी छोटी मच्छरदाणी बरी. सिट्रोनेला तेलाचा परिणाम तास-दोन तासांत ओसरतो, म्हणून लांबलेल्या भाषणात ते पुन्हा लावावे लागते. गवती चहाच्या कुंड्या मंडपात नुसत्या मांडून ठेवण्याचा उपयोग नाही. पान चुरगळल्याशिवाय त्यातील तेल बाहेर पडत नाही.

कडुनिंबाच्या पाल्याच्या धुराने डास थोडा वेळ दूर राहतात हे खरे. पण झाडाचा म्हणून तो धूर निरुपद्रवी होत नाही. दमेकरी, वृद्ध आणि बालके यांच्या छातीला तो बाधतोच. करायचाच असेल तर लोक बसण्यापूर्वी अर्धा तास, वाऱ्याची दिशा पाहून करावा व मग विझवावा.

कपड्यांच्या बाबतीत आपण आधीच सोयीचे आहोत. एडिस डास गडद रंगाकडे अधिक जातो, आणि आपल्या कार्यक्रमांना पांढरी वस्त्रे घालण्याची पद्धत आहेच. बाह्या फक्त लांब असाव्यात. हा डास दिवसा चावतो, विशेषतः सकाळी आणि सूर्यास्तापूर्वीच्या दोन तासांत. त्यामुळे मंडपाची तयारी करणारे कार्यकर्ते आणि पाच वाजताच पुढची जागा धरून बसणारी मुले यांनी तेल लवकर लावावे.

कार्यक्रम संपल्यावर प्लॅस्टिकचे पेले, द्रोण आणि नारळाच्या करवंट्या पटांगणाच्या कडेला पडून राहतात. त्या रात्रीच पोत्यात भरून उचलाव्यात. जूनच्या पहिल्या पावसात त्यांत पाणी साचते, आणि एडिसला अंडी घालण्यास एवढेसे पाणी पुरते.