दिवा मंद का? परिपथाचा एक धडा



जुन्या पिकअपचा इंडिकेटर लावला की पार्किंग लाइटही सोबत लुकलुकतो, हेडलाइट पिवळा पडतो. बरेच जण आधी बल्ब बदलतात, मग बॅटरी. दोष मात्र बऱ्याचदा अर्थिंगमध्ये असतो.

परिपथ पूर्ण झाला तरच बल्ब पेटतो, हे आपण शिकवतो. मग गाडीत परतीची वायर कुठे असते? गाडीची लोखंडी बॉडी हीच ती वायर! बॅटरीचे ऋण अग्र बॉडीला आणि चॅसिसला जोडलेले असते. जोडावर गंज चढला की रोध वाढतो. १२ व्होल्टवर ५५ वॅटचा बल्ब सुमारे ४.६ अँपिअर विद्युतधारा घेतो. वाटेत फक्त ०.२ ओहम रोध आला, तरी जवळपास ०.९ व्होल्ट तिथेच जातात.

तपासायचं कसं? दिवे चालू ठेवा. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून एक टोक बॅटरीच्या ऋण अग्राला, दुसरं दिव्याच्या अर्थ वायरला लावा. ०.२ व्होल्टपेक्षा बरंच जास्त दिसलं, तर जोड खराब समजा. दिवे बंद करून बॅटरीची ऋण केबल काढा, अर्थचा बोल्ट खोला, पॉलिश पेपरने दोन्ही बाजू चकचकीत घासा, घट्ट आवळा आणि वरून व्हॅसलीन लावा.

वर्गात सेल, छोटा बल्ब, वायर आणि रंगवलेला पत्र्याचा डबा घ्या. परतीच्या वायरऐवजी डबा जोडा. रंगावर वायर टेकवली तर बल्ब पेटत नाही; दोन्ही जागी रंग खरवडला की पेटतो. मग मुलांना विचारा, "सेल तोच, बल्ब तोच, मग बदललं काय?"

उत्तर सापडलेलं मूल रात्री घाटातून पिकअप आणणाऱ्या बाबांना नक्की म्हणेल, "बाबा, आधी अर्थ बघा!"